नटीचे कर्तेपण : विजया मेहता यांच्या चित्रपटांविषयी

दिग्दर्शक हाच चित्रपटाचा खरा कर्ता, ही भूमिका चित्रपटसमीक्षेत रूढ झाली तेव्हा नटीचे स्थान काय उरले, हा प्रश्न मराठीत क्वचितच विचारला गेला आहे. नटी दिसते आणि दिग्दर्शक दाखवतो, अशी ही वाटणी आहे. दिसणारी आणि दाखवणारी एकच असेल तर या वाटणीचे काय होते, हे तपासण्यासाठी अभ्यासक सहसा अमेरिकेतील भूमिगत चित्रपटाकडे वळतात. स्टुडिओ, व्यावसायिक वितरण आणि अभ्यवेक्षण यांच्या बाहेर राहून, बहुधा 16 मिलिमीटरच्या फितीवर, तुटपुंज्या पैशात केलेला हा चित्रपट. माया डेरेन यांनी 1943 साली अलेक्झांडर हॅमिड यांच्यासह ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ केला आणि त्यात त्या स्वतः वावरल्या. पुढे बेव्हर्ली ग्रँट जॅक स्मिथच्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि 1970 साली टोनी कॉनरॅड यांच्यासह ‘स्ट्रेट अँड नॅरो’च्या कर्त्या झाल्या. दिसण्याकडून दाखवण्याकडे, असा हा प्रवास आहे.

मराठीत असा भूमिगत चित्रपट जवळजवळ निर्माण झालाच नाही. कच्ची फिल्म महाग होती, प्रयोगशाळा मोजक्या होत्या, आणि सार्वजनिक प्रदर्शनासाठी 1952च्या चलच्चित्र अधिनियमान्वये प्रमाणपत्र आवश्यक होते. परंतु भूमिगत चित्रपटामागील प्रेरणा, म्हणजे थोड्या प्रेक्षकांसमोर, बाजाराची पर्वा न करता रूपाचाच प्रयोग करून पाहणे, ही मराठीला परकी नव्हती. तिला जागा मिळाली ती रंगमंचावर. 1960 साली स्थापन झालेल्या ‘रंगायन’ने आणि 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेत ‘आविष्कार’ने चालवलेल्या चळवळीने ती जागा दिली. सत्यदेव दुबे यांनी 1971 साली ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ पडद्यावर आणले, त्यामागेही याच रंगभूमीचे नट होते. सुलभा देशपांडे यांनी ‘राजा रानी को चाहिये पसीना’ हा बालचित्रपट दिग्दर्शित केला, हेही या संदर्भात विसरू नये. मराठी प्रायोगिक नटीच्या चित्रपटाचा विचार म्हणूनच रंगमंचापासून सुरू करावा लागतो. आणि तो केला की विजया मेहता यांचे नाव टाळता येत नाही.

इब्राहिम अल्काझी आणि आदी मर्झबान यांच्या हाताखाली शिकलेल्या या नटीने वीस वर्षे रंगमंचावर दिग्दर्शन केल्यानंतर ती चित्रपटाकडे वळली. डेरेन-ग्रँट यांच्या प्रवासाचा क्रम येथे उलटा आहे. श्याम बेनेगल यांच्या ‘कलयुग’मध्ये (1981) ती दुसऱ्याच्या कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, तेव्हा दाखवणे म्हणजे काय हे तिला आधीच ठाऊक होते.

आयोनेस्कोच्या ‘द चेअर्स’चा मराठी प्रयोग विजया मेहता यांनी केला होता. रिकाम्या खुर्च्या, न दिसणारे पाहुणे आणि त्यांचे स्वागत करणारे वृद्ध जोडपे, एवढाच तेथे ऐवज. नटाची नजर जेथे थांबते तेथे पाहुणा निर्माण होतो. गोविंद निहलानी यांचा ‘पार्टी’ (1984) या आठवणीसह पाहण्यासारखा आहे. महेश एलकुंचवार यांच्या नाटकावरील या चित्रपटात दमयंती राणेचे घर पाहुण्यांनी भरलेले आहे, पण चित्रपटाचे केंद्र न आलेला अमृत हा आहे. खुर्च्या भरल्या आहेत आणि तरी जागा रिकामी आहे. यजमानीणबाईंच्या भूमिकेत विजया मेहता सर्वांना सांभाळून घेतात. त्या सांभाळण्यात जो पोकळ सराईतपणा येतो तो संवादांतून आलेला नाही. तेथे दिग्दर्शन निहलानींचे आहे, हे खरे; पण त्या पोकळीचे कर्तेपण सर्वस्वी त्यांच्याकडे जाते काय?

स्वतःच्या दिग्दर्शनातील पहिले महत्त्वाचे काम म्हणजे ‘स्मृतिचित्रे’ (1982). ते मुंबई दूरदर्शनसाठी झाले आणि त्यास मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. चित्रगृहाबाहेरचा हा मार्ग भूमिगत म्हणता येणार नाही. शासकीय प्रसारयंत्रणेला भूमिगत म्हणणे विनोदी ठरेल. तरीही तिकीटबारीपासून मुक्त अशी जागा त्या काळी दुसरी कोणती होती? लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्र 1934 पासून भागशः प्रसिद्ध झाले. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. या मधल्या वर्षांची यातना लक्ष्मीबाई ज्या खेळकर अलिप्ततेने सांगतात ती मराठी गद्याची एक थोर मिळकत आहे. सांगणारी लक्ष्मीबाई आणि सोसलेली लक्ष्मीबाई यांत तेथे अंतर आहे, आणि हसू त्या अंतरातून उमटते. ‘अजब न्याय वर्तुळाचा’च्या निमित्ताने ब्रेख्तशी झुंजलेल्या दिग्दर्शिकेला ही संहिता आपली वाटावी, यात योगायोग नाही. पात्र होणे आणि पात्र दाखवणे यांतील फट ब्रेख्तने नटाकडे मागितली. लक्ष्मीबाईंनी ती कोणत्याही सिद्धांताविना लिहून ठेवली होती.

‘रावसाहेब’ (1986) हा या दृष्टीने सर्वांत समृद्ध आणि सर्वांत वादग्रस्त चित्रपट. जयवंत दळवी यांचे ‘बॅरिस्टर’ विजया मेहता यांनीच 1977 मध्ये रंगमंचावर आणले होते आणि त्यात मावशीची भूमिकाही केली होती. पडद्यावरही मावशी त्याच. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचे राष्ट्रीय पारितोषिक लाभले. विलायतेहून सुधारणावादी विचार घेऊन आलेला आणि कृतीच्या क्षणी खचणारा नायक (अनुपम खेर), तरुण विधवा (तन्वी आझमी) आणि या दोघांच्या मधोमध स्वतः वैधव्य जगलेली मावशी, अशी रचना आहे. कथा रावसाहेबांच्या पराभवाची आहे. पण चौकटीत मावशी आली की पाहणाऱ्याला दुसरी कथा जाणवते : तरुण विधवेपुढे जे वाढून ठेवले आहे ते एका बाईच्या शरीरावर पूर्वीच घडून गेले आहे. नायक बोलतो तेव्हा मावशीचे ऐकणे चालू असते. दिग्दर्शिका स्वतःला दुय्यम भूमिका देते आणि त्या दुय्यमत्वातून चित्रपटाचा अक्ष हलवते.

या चित्रपटावर ‘नाटकी’ असल्याचा आक्षेप घेता येतो. तो निराधार नाही. प्रवेशांची बांधणी रंगमंचाची आहे आणि काही ठिकाणी संवाद प्रतिमेला पुढे सरकू देत नाहीत. परंतु या आक्षेपामागे चित्रपटीयता म्हणजे संकलन आणि कॅमेऱ्याची हालचाल, असे गृहीत दडलेले असते. नटाचा विराम हे कालाचे एकक मानले, तर विराम न तोडणारी चौकट ही उणीव ठरत नाही.

अधिक गंभीर आक्षेप भाषेचा आहे, आणि त्याकडे अधिक लक्ष जायला हवे. ‘रावसाहेब’ हिंदीत आहे. ‘केशवपन’, ‘सोवळी’, ‘आलवण’ या मराठी शब्दांभोवती आगरकरांपासूनचा सगळा वाद जमलेला आहे. तो हिंदी उच्चारात उतरत नाही. मराठी नाटकात एका शब्दाने जे साधते तेथे चित्रपटाला नटीच्या शरीराचा आधार घ्यावा लागतो. मावशीची भूमिका पडद्यावर एवढी जड का झाली, याचे एक कारण हे असावे : भाषेने टाकलेले ओझे तिने उचलले आहे.

‘पेस्तनजी’मध्ये (1988) त्या स्वतः दिसत नाहीत. बी. के. करंजिया यांच्या कथेवरील आणि राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या या चित्रपटात पारशी घरांतील वस्तू, जेरूबद्दल फिरोजशाच्या मनातले न बोललेले प्रेम, मध्यमवयीन थकवा यांचे चित्रण जिव्हाळ्याचे आहे. मर्झबान यांच्याकडील उमेदवारी येथे उपयोगी पडली असेल. रूढ निकषांनी हा अधिक ‘चित्रपटीय’ ठरेल. पण ‘रावसाहेब’मधील ताण येथे नाही. शबाना आझमींसारखी समर्थ नटी असूनही जेरूकडे मुख्यतः फिरोजशाच्या नजरेतूनच पाहिले जाते, आणि तिच्या बाजूने प्रतिनजर उभी राहत नाही. मावशीने व्यापलेली ती बाजूची जागा येथे मोकळी राहिली आहे.

मराठी नाट्येतिहास विजया मेहता यांची नोंद दिग्दर्शिका म्हणून करतो. समांतर चित्रपटाच्या इतिहासात त्या बहुधा नामावलीतील एक नटी म्हणून येतात. दोन खातेवह्यांतील या नोंदी एकत्र वाचल्या जात नाहीत. ‘बॅरिस्टर’ची मावशी आणि ‘रावसाहेब’ची मावशी शेजारी ठेवून, एकाच नटीने नऊ वर्षांच्या अंतराने दोन माध्यमांत केलेल्या एकाच भूमिकेचा तपशीलवार अभ्यास व्हायला हवा. पहिल्या मावशीने प्रयोग पाहिलेल्यांच्या स्मरणाखेरीज फारसे काही मागे ठेवलेले नाही, आणि ती स्मरणे नोंदवून घेण्याचा अवधी आता थोडाच उरला आहे.