घुमट कुठे ऐकावं?

मंडळात बाहेरगावचा पाहुणा आला की एक प्रश्न ठरलेला: "गोव्यात अस्सल घुमट ऐकायला कुठे मिळेल?" मागच्या खेपेला इंदूरहून आलेल्या एका अभ्यासकांनी तो विचारला. आम्ही त्यांना पर्यटकांसाठी ठेवलेल्या एका रंगमंचीय कार्यक्रमाला नेलं. ते खूश झाले, मी मात्र खट्टू होऊन परतलो. का, ते इथं मांडतो.

आधी वाद्याविषयी. घुमट म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेलं मातीचं मडकं. मोठ्या तोंडावर कातडं ताणून बसवतात, लहान तोंड मोकळं ठेवतात. एक हात कातड्यावर बोल काढतो, दुसरा लहान तोंड झाकतो आणि उघडतो. आतली हवा कोंडली, सुटली की नाद खाली-वर होतो. घुमटाची सगळी गोडी या दुसऱ्या हातात आहे. जोडीला काड्यांनी वाजणारं शामेळ आणि कांसाळं.

त्या कार्यक्रमात मायक्रोफोन कातड्यासमोर लावलेला. त्यामुळे थाप तेवढी कडाडून ऐकू येई. वादकाचा दुसरा हात मन लावून काम करत होता, पण त्याचं काम सभागृहात पोचतच नव्हतं. वाद्य घुमटच होतं, घुमणं तेवढं गायब. दुसरी गोष्ट लयीची. आरती संथ सुरू होते, चढत जाते आणि मग शेवटचा धुमाकूळ शोभतो. इथं वेळ बांधलेला, म्हणून पहिल्या ओळीपासूनच धुमाकूळ. टाळ्या पडल्या, पण चढायला पायऱ्याच ठेवल्या नव्हत्या.

हेच घुमट मी फोंडा तालुक्यात चवथीच्या रात्री ऐकलं आहे. वर माटोळी बांधलेली, समोर गणपती, जमिनीवर दाटीवाटीनं बसलेली माणसं. पावसाळी हवेनं कातडं सैल पडलं तसं एकजण उठला, आत जाऊन चुलीच्या उबेवर घुमट शेकून आला. तोवर बाकीचे थांबले. कुणालाच घाई नव्हती. घरात बोलणं कोकणीतून चाललेलं, आरती मात्र मराठी, आणि ती तोंडपाठ. आपल्या मंडळानं नोंदवून ठेवावी अशी ही गोष्ट आहे. भाषांचे वाद आपण कागदावर घालतो. त्या खोलीत दोन्ही भाषा मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. आणि घुमट काही एका धर्माचंही नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत मांडो गातानाही ते साथीला असतं.

आता कातड्याचा प्रश्न. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं लावत. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा ते बंद होणं योग्यच. आज बकऱ्याचं कातडं वापरतात, आणि २०१९ साली घुमटाला राज्याचं वारसा-वाद्य म्हणून मान मिळाला. "तो जुना आवाज गेला," असं जाणते वादक म्हणतात. फरक आहे, मलाही तो जाणवतो. पण सगळा दोष कातड्यावर ढकलणं मला पटत नाही. बकऱ्याच्या कातड्याचंही घुमट बंद खोलीत छातीत घुमतं. नाद मरतो तो चुकीच्या जागी लावलेल्या मायक्रोफोननं आणि घड्याळाच्या काट्यानं.

रंगमंचाला नुसती नावं ठेवणं मात्र अन्यायाचं होईल. आरती-स्पर्धांमुळे गावोगावची मुलं हे वाद्य हातात घेतात. महिलांची पथकं उभी राहिली. घरच्या परंपरेत घुमट बहुतेक पुरुषांच्याच मांडीवर असायचं. हे श्रेय स्पर्धांचंच. म्हणून संयोजकांकडे मागणं एवढंच: एक मायक्रोफोन लहान तोंडाकडेही ठेवा, आणि आरती पूर्ण होऊ द्या.

आणि पाहुण्यांना? 'दुर्मिळ वाद्य' शोधत येऊ नका. घुमट दुर्मिळ नाही, दुकानात विकत मिळतं. दुर्मिळ आहे तो प्रसंग. चवथीला या, शिगम्याला गावच्या मांडावर या. ओळखीच्या माणसाला विचारून, चपला बाहेर काढून, वादकाच्या हाताजवळ बसा. रेकॉर्डिंगची घाई नको. आधी एक आरती पुरी ऐका. इतर वेळी आलात तर मंगेशीला सोमवारी संध्याकाळी पालखी निघते, तिथं घुमट नसलं तरी देवळाचं वाद्यसंगीत त्याच्या जागी, त्याच्या वेळी कसं वाजतं ते कळेल.

इंदूरच्या पाहुण्यांना मी तसं कळवलं आहे. येत्या चवथीला ते येणार आहेत. या वेळी सभागृहाचं तिकीट काढणार नाही.