‘ओम्’, ‘अल्लाह’ आणि समानार्थकतेचा प्रश्न

१२ फेब्रुवारी २०२३ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जमियत-उलमा-ए-हिंद ह्या संस्थेच्या चौतिसाव्या सर्वसाधारण अधिवेशनाची सांगता झाली. अधिवेशन मौलाना महमूद मदनी ह्यांच्या गटाने भरविले होते आणि त्या दिवशी व्यासपीठावर अन्य धर्मांचे आचार्यही सद्भावनेच्या हेतूने निमंत्रित होते. महमूद मदनी ह्यांचे चुलते, देवबंदच्या दारुल उलूममधील ज्येष्ठ अध्यापक आणि जमियतच्या दुसऱ्या गटाचे अध्यक्ष मौलाना अर्शद मदनी ह्यांनी त्या सभेत एक विधान केले. राम नव्हते, ब्रह्मा नव्हते, शिव नव्हते, तेव्हा मनू कोणाची उपासना करीत होता, असा प्रश्न आपण अनेक धर्माचार्यांना विचारला, काहींनी ‘ओम्’ची, असे उत्तर दिले, त्यावर आपण म्हणालो की त्यालाच तर आम्ही अल्लाह म्हणतो, तुम्ही ईश्वर म्हणता, फारसी बोलणारे खुदा म्हणतात आणि इंग्रजी बोलणारे गॉड म्हणतात, असा त्या विधानाचा प्रसिद्ध झालेला आशय आहे. जैन आचार्य लोकेश मुनी ह्यांनी तेथेच उभे राहून हरकत घेतली. सलोख्याने राहण्याशी आपण सहमत आहोत, ह्या कथांशी नाही, असे सांगून आणि मौलानांना वादासाठी आवाहन करून ते व्यासपीठावरून निघून गेले. त्यांच्या मागोमाग आणखी काही निमंत्रितही उठले.

ह्या प्रसंगावर पुढे पुष्कळ लिहिले-बोलले गेले. मौलानांचा हेतू एकतेचा होता की वर्चस्वाचा, आणि मुनींचा निषेध उचित होता की अतिथिधर्माला सोडून होता, ह्या दोनच प्रश्नांभोवती ती चर्चा फिरत राहिली. हेतूंची परीक्षा भाषाभ्यासकाच्या कक्षेत येत नाही. परंतु एखादे वाक्य सद्भावनेच्या सभेत उच्चारले जावे आणि त्याच वाक्याने ती सभा मोडावी, ह्यात त्या वाक्याच्या घडणीचा वाटा किती, हे पाहणे मात्र त्याचे काम आहे. तेवढेच येथे योजिले आहे.

प्रथम त्या वाक्यातील कर्त्यांकडे लक्ष द्यावे. ‘आम्ही’, ‘तुम्ही’, ‘फारसी बोलणारे’ आणि ‘इंग्रजी बोलणारे’ असे चार कर्ते एकाच रांगेत उभे आहेत. ह्यांपैकी शेवटचे दोन भाषिक समाज आहेत. पहिले दोन मात्र धार्मिक समाज आहेत. ‘आम्ही’ म्हणजे अरबी बोलणारे नव्हेत, कारण बोलणारा उर्दूभाषी आहे आणि श्रोत्यांपैकी बहुतेकांची बोलीही तीच अथवा तिची सख्खी बहीण आहे. ज्या दोन समाजांची भाषा जवळजवळ एक आहे त्यांच्यातील भेद भाषाभेद म्हणून सांगितला गेला, आणि हे सुकर व्हावे म्हणून खऱ्या भाषाभेदाची दोन उदाहरणे शेजारी आणून बसविली गेली. ‘पाणी’ला कोणी ‘जल’ म्हणतो, कोणी ‘आब’ म्हणतो, त्याच नमुन्यावर देवाची नावे बसविण्याचा हा प्रकार आहे.

हा नमुना जुना आहे आणि थोरांनी वापरलेला आहे. रामकृष्ण परमहंसांचा पाण्याचा दृष्टान्त सर्वश्रुतच आहे. जलालुद्दीन रूमीच्या मसनवीत चार माणसे एका नाण्यासाठी भांडतात. इराण्याला अंगूर हवे असते, अरबाला इनब, तुर्काला उझुम आणि रूमीला इस्ताफील. चौघांनाही द्राक्षेच हवी आहेत हे त्यांना ठाऊक नसते. ह्या कथेत भांडण कशाने मिटू शकते, हे मात्र फारसे पाहिले जात नाही. चारही भाषा जाणणारा कोणी तेथे असेल तर तो द्राक्षे आणून समोर ठेवू शकतो. दोन शब्द समानार्थी आहेत हे ठरविण्यास शब्दांच्या बाहेर एक वस्तू असावी लागते, आणि दोन्ही पक्षांना ती बोटाने दाखविता यावी लागते. देवाच्या नावांच्या बाबतीत ही सोय नाही. तेथे वस्तूकडे जाण्याचा मार्ग त्या त्या परंपरेच्या शब्दांतूनच जातो. ‘ओम्’ म्हणजे काय हे ‘ओम्’ म्हणणाऱ्यांच्या ग्रंथांना विचारावे लागते आणि ‘अल्लाह’ म्हणजे काय हे कुराणाला. तेव्हा हे दोन एकच, हे विधान कोशातील नोंद होऊ शकत नाही. ती श्रद्धेची कबुली होऊ शकते. पण कबुली प्रथमपुरुषी असते. दुसऱ्याच्या वतीने कबुली देता येत नाही.

शब्दांचीच घडण पाहू गेल्यास अडचण आणखी वाढते. ‘अल्लाह’ हा शब्द ‘अल्-इलाह’ म्हणजे ‘तो देव’ ह्या सविशेषण रूपापासून आला असे बहुतेक अभ्यासक मानतात. अरबी बोलणारे ख्रिस्तीही देवाला अल्लाहच म्हणतात. परंतु इस्लामी धर्मविचारात तो विशेषनाम, ‘इस्म-ए-जात’, मानला जातो. रहीम, करीम, रज्जाक ही गुणवाचक नामे, म्हणजे ‘सिफत’, त्याच्याभोवती उभी असतात. ‘खुदा’ हा मुळात ‘स्वामी, धनी’ अशा अर्थाचा सामान्य शब्द आहे. पेशवाईच्या कागदांत धन्यासाठी येणारा ‘खाविंद’ हा त्याच कुळातील ‘खुदावंद’चा झिजलेला अवतार. ‘ओम्’ ह्यांहून सर्वस्वी निराळा आहे. तो अव्यय आहे. त्याला लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही. पतंजलीच्या योगसूत्रांत प्रणव हा ईश्वराचा वाचक म्हटला आहे हे खरे. पण मांडूक्योपनिषदात तोच अकार, उकार, मकार आणि त्यांपलीकडील अमात्र चतुर्थ अशा आत्मविचाराची मांडणी होतो, आणि ज्ञानेश्वरीच्या आरंभी ज्ञानदेव त्याच्या मात्रांतून गणेशाची मूर्ती उभी करतात. एकाच परंपरेत ज्या शब्दाला इतके अर्थ आहेत त्याचा एकच अर्थ बाहेरच्याने सभेत ठरवावा, हे धाडस म्हणावे लागेल.

आणि हरकत घेणारा जैन होता, ही गोष्ट ह्या साऱ्या वादात जवळजवळ निसटूनच गेली. वृत्तपत्री चर्चेत हा प्रसंग हिंदू-मुसलमान वाद म्हणूनच रंगविला गेला. जैन परंपरेतही ‘ओम्’ आहे. पण तेथे तो अरिहंत, अशरीर म्हणजे सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि मुनी ह्या पंचपरमेष्ठींच्या आद्याक्षरांचा संधी मानला जातो. हे पाचही मुक्त झालेले किंवा मुक्तीच्या वाटेवरचे जीव होत. सृष्टिकर्ता ईश्वर त्या दर्शनात नाहीच. मौलानांच्या समीकरणात ‘तुम्ही ईश्वर म्हणता’ असे जे पद आहे, त्यातील ‘तुम्ही’मध्ये लोकेश मुनी बसतच नव्हते. सर्वांना कवेत घेणाऱ्या वाक्याने व्यासपीठावर शेजारीच बसलेल्या एका पाहुण्याला अदृश्य केले. मुनींनी स्वतः हा शब्दार्थाचा मुद्दा पुढे न करता आद्य तीर्थंकर ऋषभदेवांच्या प्राचीनतेचा मुद्दा पुढे केला, ह्याचे प्रस्तुत लेखकास आश्चर्य वाटते. त्यामुळे वाद प्राचीनतेच्या शर्यतीत उतरला आणि मनू आधी, आदम आधी की ऋषभदेव आधी, हे ठरविणे त्याच्या वाट्याला आले.

ह्या शर्यतीची सुरुवात मात्र त्या मैदानावर झालेली नाही. हिंदू-मुसलमानांचे पूर्वज एकच होते आणि प्रत्येक भारतीय हिंदूच आहे, असे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरसंघचालक मोहन भागवत ह्यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये एका कार्यक्रमात म्हटले होते. मौलानांच्या भाषणाचा रोख ह्याच प्रतिपादनाकडे होता. पूर्वज एकच असतील तर तो मनू. आणि मनू तोच आदम. आदमची लेकरे आदमी, मनूची लेकरे मनुष्य. शब्दसिद्धी म्हणून हे निर्दोष आहे. ‘आदमी’ आदमपासूनच आला आणि ‘मनुष्य’ (म्हणून आपला ‘माणूस’ही) मनूपासूनच. परंतु दोन भाषांत शब्द घडविण्याची रीत सारखी असणे निराळे आणि त्या शब्दांच्या मुळाशी असलेल्या व्यक्ती एक असणे निराळे. ‘आदम’ला हिब्रू परंपरा ‘अदामा’ म्हणजे मातीशी जोडते. ‘मनू’चा संबंध आपल्याकडे ‘मन्’ म्हणजे विचार करणे ह्या धातूशी लावतात. एक मातीचा, एक मननाचा. सरसंघचालकांचे विधान आणि मौलानांचे विधान ह्यांत आशय उलट असला तरी व्याकरण एकच आहे: तुम्ही स्वतःला जे समजता ते वस्तुतः आमचेच एक रूप होय. पहिल्या विधानाने कोणतीही सभा तेथल्या तेथे मोडली नाही, दुसऱ्याने मोडली; ह्या फरकाचे कारण व्याकरणात सापडणार नाही. ते संख्याबळात शोधावे लागेल.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. दुसऱ्याच्या नावाची व्याख्या करू नये ह्याचा अर्थ त्याने ते नाव कुलुपात ठेवावे असा होत नाही. मलेशियात ‘हेरल्ड’ ह्या कॅथलिक साप्ताहिकाने मलय भाषेत देवासाठी ‘अल्लाह’ शब्द वापरावा की नाही, हा प्रश्न न्यायालयात गेला. २००९ च्या अखेरीस उच्च न्यायालयाने मुभा दिली, पुढच्याच महिन्यात तेथील काही चर्चवर हल्ले झाले, २०१३ मध्ये अपील न्यायालयाने ती मुभा काढून घेतली. २०२१ मध्ये एका ख्रिस्ती महिलेच्या निराळ्या खटल्यात उच्च न्यायालयाने पुन्हा शब्दाची बंदी अवैध ठरविली. आपल्याकडेही डिसेंबर २०२४ मध्ये पाटण्यात, अटलबिहारी वाजपेयी ह्यांच्या जन्मशताब्दीच्या समारंभात, गांधीजींच्या प्रार्थनेतील रामधून गाणाऱ्या लोकगायिकेला त्यातील ‘अल्लाह’ ह्या शब्दावरून गाणे थांबवून दिलगिरी व्यक्त करावी लागली. शब्द बळकावणे आणि शब्दाला कुंपण घालणे ह्यांपैकी दुसरे अधिक घातक, असे आमचे मत आहे. कारण पहिल्याला उत्तर देता येते.

मराठी परंपरेत हा प्रश्न कसा हाताळला गेला, हे पाहणे बोधप्रद आहे. पैठणच्या एकनाथांच्या ‘हिंदु-तुर्क संवाद’ ह्या रचनेत दोघेही परस्परांच्या आचारविचारांची यथेच्छ निंदा करतात, आणि अखेरीस गळ्यात गळा घालतात. ऐक्याचे विधान तेथे आहे. पण ते भांडणानंतर येते, आणि दोघांनाही बोलण्याची पाळी मिळालेली असते. ‘संवाद’ ह्या शब्दातील ‘सम्’ची अट तेथे पाळली गेली आहे. रामलीला मैदानावर पाहुण्यांना खुर्ची होती, पाळी नव्हती. मुनींना ती हिसकावून घ्यावी लागली. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी, ज्यांचा ‘योगसंग्राम’ सतराव्या शतकातला, स्वतःसाठी ‘अविंध’ हा हिंदूंनी मुसलमानांना लावलेला, कान न टोचलेला अशा अर्थाचा शब्द स्वीकारला. समीकरण मांडण्याऐवजी त्यांनी दुसऱ्याने दिलेले नाव अंगावर घेतले. फादर स्टीफन्स ह्यांनी १६१६ मध्ये छापलेल्या क्रिस्तपुराणात ‘परमेश्वर’, ‘वैकुंठ’ हे शब्द खुशाल घेतले. त्यात धर्मप्रसाराचा हेतू उघड आहे, तथापि शब्द उसना घेणारा निदान सावकार कोण हे तरी मान्य करतो.

सर्वांत सूक्ष्म उदाहरण विनोबांचे आहे. त्यांच्या सर्वधर्म-प्रार्थनेतील नाममालेत अनेक धर्मांची नामे एकापुढे एक येतात आणि ‘तू’ ह्या सर्वनामात विसावतात. ती सारी रचना संबोधनाची आहे. अमुक म्हणजे तमुक असे तीत कोठेही सांगितलेले नाही; सांगायला समोर दुसरा माणूसच नाही, जो आहे तो देव. जैन आणि बौद्ध ह्यांच्यासाठी ‘सिद्ध’ आणि ‘बुद्ध’ ही पदे आहेत, म्हणजे ज्यांना ईश्वर मान्य नाही त्यांना ईश्वर दिलेला नाही. आणि इस्लामचे नाव म्हणून विनोबांनी ‘अल्लाह’ न घेता ‘रहीम’ घेतले आहे. जात सोडून सिफत घेतली. छंदाची सोय हेही कारण असू शकेल. परंतु कुराणाचे सार अरबीतून निवडणाऱ्या माणसाच्या हातून ही निवड अजाणता झाली असेल, असे मानणे कठीण आहे.

ह्या ग्रंथस्थ परंपरेच्या खाली बोलीचा एक थर आहे. मंठा, परतूर, जिंतूर हा पट्टा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू, शेताची मराठी. ह्या भागातील मराठी बोलणारा शेतकरी पिराला नवस बोलतो आणि देवीलाही बोलतो. दोन्हीकडे तो नवस ‘फेडतो’. पीर ‘पावतो’ आणि देवीही ‘पावते’. पण तो पिराच्या यात्रेला ‘उरूस’ म्हणतो आणि देवीच्या यात्रेला ‘जत्रा’. पिराच्या नावाने बोकड कापून जेवण घालायचे ते ‘कंदुरी’. मोहरमात बसते ती ‘सवारी’. क्रियापदे सामाईक आहेत, नामे वेगळी ठेवलेली आहेत. पीर म्हणजेच देवी असे त्याला कोणी विचारले नाही आणि त्याने कोणाला सांगितले नाही. अलीकडे ह्या नामांविषयी दोन्ही बाजूंनी चौकशी सुरू झाली आहे: कंदुरी करणे धर्माला धरून आहे काय, असे मुसलमानाला त्याचे उपदेशक विचारतात, आणि पिराला नवस कशासाठी, असे हिंदूला त्याचे. आमच्या विभागातील बोली-सर्वेक्षण करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ह्या नामांबरोबर त्यांना लागणारी क्रियापदेही टिपून घ्यावीत. वीस वर्षांनी ‘पावणे’ हे क्रियापद पिराला लागते की नाही, हे तपासण्यास आजची नोंद हाताशी असली पाहिजे.