खूण आणि प्रथिन : एपिटोप-टॅगिंगच्या पुराव्याची चिकित्सा

एखाद्या प्रथिनाविरुद्ध विश्वासार्ह प्रतिपिंड उपलब्ध नसेल, तर संशोधक त्याच्या जनुकात आठ-दहा अमिनो आम्लांच्या एका छोट्या तुकड्याचा संकेत जोडतात आणि त्या तुकड्याला ओळखणारे तयार प्रतिपिंड वापरून प्रथिनाचा शोध घेतात. एपिटोप-टॅगिंग नावाची ही पद्धत आता इतकी रुळली आहे की प्रबंधांतील ‘साहित्य व पद्धती’ या प्रकरणात तिच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते. तिच्या उपयुक्ततेविषयी येथे वाद नाही. वाद आहे तो तिच्या पुराव्याच्या वाचनाविषयी. वेस्टर्न ब्लॉटवर पट्टा उमटला की ‘प्रथिन आढळले’ असे आपण लिहितो. वस्तुतः प्रतिपिंडाने साक्ष दिलेली असते ती केवळ खुणेची.

या पद्धतीच्या आरंभकाळात ही जाणीव अधिक तीव्र होती असे दिसते. १९८४ साली शॉन मन्रो व ह्यू पेल्हम यांनी फळमाशीच्या एचएसपी७० या प्रथिनाला सबस्टन्स पी या पेप्टाइडाचा अंश जोडून ते ओळखले. त्यांचाच १९८७ सालचा ‘सेल’ या नियतकालिकातील निबंध या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. आंतर्द्रव्यजालिकेतील विद्राव्य प्रथिने तेथेच का थांबतात, पेशीबाहेर का स्रवत नाहीत, हा त्यांचा प्रश्न होता. अशा तीन प्रथिनांच्या शेवटी त्यांना केडीईएल ही चार अमिनो आम्लांची समान शृंखला आढळली. जीआरपी७८ या प्रथिनाची ही शेपटी काढून टाकली असता ते पेशीबाहेर पडू लागले. इतकेच नव्हे, तर शेपटी कायम ठेवून तिच्यापुढे आणखी अमिनो आम्ले जोडली तरीही तेच घडले. उलट, कोंबडीच्या लायसोझाइमला जीआरपी७८ची अखेरची सहा अमिनो आम्ले जोडताच ते आत अडकून राहिले.

यातील दुसऱ्या निरीक्षणाकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. एखाद्या संशोधकाने सोय म्हणून आपली खूण अगदी टोकाला लावली असती, तर काय झाले असते? प्रतिपिंडाने खूण अचूक ओळखली असती, पट्टा स्वच्छ व योग्य रेणुभाराजवळ उमटला असता, आणि ‘हे प्रथिन स्रावी आहे’ हा निष्कर्ष मात्र साफ चुकला असता. दोष प्रतिपिंडाचा नव्हे. खूण लावण्याची कृती हाच प्रयोगातील एक हस्तक्षेप असतो, याचे विस्मरण हा दोष.

खुणाही वाटतात तितक्या तटस्थ नाहीत. इन्फ्लुएन्झा विषाणूच्या हिमॅग्लुटिनिनपासून घेतलेली एचए ही नऊ अमिनो आम्लांची खूण पेशी आत्मनाशाच्या मार्गावर असताना कॅस्पेझ विकरांकडून कापली जाते आणि प्रतिपिंडाला दिसेनाशी होते, असे २००७ साली दाखविण्यात आले. तेव्हा अशा पेशींत पट्टा नाहीसा झाला म्हणजे प्रथिन नष्ट झाले, हे अनुमान धोक्याचे. फ्लॅग या आठ अमिनो आम्लांच्या खुणेतील टायरोसिनावर कीटकपेशींत सल्फेट चढले की एम२ प्रतिपिंडाची पकड ढिली होते, असे २०१२ मध्ये आढळले. मायक खुणेची अडचण उलट्या दिशेची आहे. ती मानवी सी-मायक प्रथिनातूनच घेतलेली असल्याने ९ई१० हे प्रतिपिंड मानवी पेशींतील मूळ प्रथिनालाही ओळखू शकते.

प्रतिपिंडांच्या अविश्वासार्हतेवर २०१५ नंतर बरीच चर्चा झाली आणि खुणेचे प्रतिपिंड हा तीवरील सुरक्षित उतारा आहे असा एक सूर उमटला. तो अर्धाच पटतो. एकच प्रतिपिंड हजारो प्रथिनांसाठी वापरता येते व म्हणून त्याची पारख अधिक झालेली असते, हे मान्य. २०१६ साली सुचविण्यात आलेल्या प्रतिपिंड-प्रमाणीकरणाच्या पाच मार्गांत खूणयुक्त प्रथिनाची अभिव्यक्ती हाही एक मार्ग आहे. परंतु प्रतिपिंडाची पारख म्हणजे प्रथिनाची पारख नव्हे. शिवाय बाहेरून घातलेले जनुक अनेकदा प्रथिन अवाजवी प्रमाणात निर्माण करते आणि ते नको त्या जागी साचते. क्रिस्परच्या साहाय्याने जनुकाच्या मूळ जागीच खूण बसविल्यास हा आक्षेप बराच दूर होतो. टोक कोणते निवडले हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

आपल्या महाविद्यालयांतील प्रयोगशाळांना हे सारे परवडणारे नाही, असे उत्तर साधारणतः मिळते. ते पूर्णतः खरे नाही. खूण नसलेल्या पेशींचा अर्क त्याच जेलवर चालविण्यास एक जादा रकाना लागतो. खूण कोणत्या टोकाला आहे आणि प्रतिपिंडाचा क्लोन कोणता, हे लिहिण्यास एक जादा वाक्य. सर्वांत महत्त्वाची कसोटी, म्हणजे खूणयुक्त प्रथिन मूळ प्रथिनाचे कार्य करते का ही, अवघड खरी. पण यीस्टमध्ये एखादे आवश्यक जनुक काढून टाकून त्याच्या जागी खूणयुक्त प्रत ठेवली, आणि वसाहती वाढल्या की नाही हे पाहिले, तर पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पातही ती घेता येते.