अष्टग्रहीचा बिनतोड तर्क

इ. स. १९६२ च्या फेब्रुवारीत मकर राशीत आठ ग्रह जमले आणि प्रलयाच्या भाकितांना ऊत आला. भाकीत साऱ्या जगाचे असल्याने आमचे भोकरही त्यातून सुटत नव्हते. देशभर यज्ञ झाले, जग राहिले. या भाकिताची रचना आम्हांस बिनतोड वाटते: जग बुडाले तर ज्योतिषी खरा, न बुडाले तर यज्ञ सफल! खोटे ठरण्यास जागाच न ठेविणे, हाच तिचा मोठा दोष. जळाले ते तूप मात्र खरे होते. आठवा ग्रह केतु म्हणजे तर निव्वळ छेदनबिंदु. त्यास वजन कोठले? शिवाय ज्या पंचांगातून पौष अमावास्येचा प्रलय काढिला, त्यातच पुढे माघ-फाल्गुनाच्या तिथी छापिलेल्या होत्या.