छायाचित्रांतील उजेड आणि कालनिर्णय

रत्नागिरीच्या अर्वाचीन इतिहासाचीं साधनें जमवितांना कागदपत्रांबरोबर जुनीं छायाचित्रेंहि हातीं येतात. कागद आला म्हणजे शाई, मोडीचें वळण, शिक्का, मिति हीं सारीं पाहिलीं जातात. छायाचित्राच्या बाबतींत मात्र मागें पेन्सिलीनें लिहिलेला सन किंवा घरांतील वडील माणसांची आठवण यांवर भिस्त ठेवून मथळा छापला जातो. प्रस्तुत लेखकास हें मान्य नाहीं. घरांत अथवा रात्रीं काढलेल्या चित्रांत उजेड हाच साक्षीदार असतो, व त्याची उलटतपासणी करतां येते.

इ. स. १८८७ मध्यें जर्मनींत मीथे व गेडिके यांनीं मॅग्नेशियम, पोटॅशियम क्लोरेट व अँटिमनी सल्फाइड यांचें चूर्ण सिद्ध केलें. कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवावयाची, तबकांतील चूर्ण पेटवावयाचें व झडप मिटावयाची, असा क्रम असे. भडका किंचित् रेंगाळे, त्यामुळें हललेला हात पुसट उमटे. तबक उंच धरल्यानें सावल्या खालीं पडत. आणि धुरामुळें दुसरें चित्र लगेच घेणें कठीण होई. १९२९ सालीं जर्मनींतच फ्लॅशचा बंद दिवा विक्रीस आला. काचेंत ऑक्सिजन व अल्युमिनियमचा वर्ख. धूर नाहीं, पण एक दिवा एकदांच. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनीं तो स्पीड ग्राफिकसारख्या कॅमेऱ्याच्या बाजूस जोडला. (हा कॅमेरा १९१२ पासूनचा, तेव्हां कॅमेऱ्याच्या नांवावरून दिव्याचा काळ ठरत नाहीं.) भिंगाशेजारच्या या उजेडानें चेहरे पांढरेफटक होतात आणि जवळच्या भिंतीवर एका अंगास कडक सावली पडते.

थिबा राजा १८८६ पासून १९१६ मध्यें मृत्यु येईपर्यंत रत्नागिरीस होता. अशी सावली असलेलें चित्र त्याच्या राजवाड्यांतील म्हणून कोणीं पुढें केल्यास, चेहरा कितीहि जुळो, तें नाकारावें. सावरकरांच्या स्थानबद्धतेचा काळ (१९२४ ते १९३७) अधिक अवघड आहे, कारण १९२९ हें साल त्याच्या पोटांतच येतें. पतितपावन मंदिर तर १९३१ चें. येथें दिव्याची खूण सांपडल्यास चित्र १९२९ च्या आधींचें नाहीं एवढें सिद्ध होतें. उलट चूर्णाची खूण सांपडली म्हणून तें १९२९ पूर्वींचें ठरत नाहीं, कारण दिवे आल्यावरहि चूर्ण चालूच राहिलें. हे दोन पुरावे सारख्या वजनाचे धरण्याची चूक सहज होते.

खूण न दिसणें हा तर पुरावाच नव्हे. पुण्यास १९४६ सालीं 'लाइफ' साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट यांस महात्मा गांधींचें चरख्याजवळचें चित्र घेण्यास तीनच दिवे वापरण्याची मुभा होती, व त्यांतील दोन फुकट गेले. ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु त्या प्रसंगाच्या प्रसिद्ध चित्रांत खिडकीचा उजेड इतका प्रबळ आहे कीं, हकीकत ठाऊक नसलेल्यास दिव्याची शंकाहि येऊं नये. शिवाय नकलेवरून केलेल्या नकलेंत सावल्यांच्या कडा विरून जातात. त्यामुळें छापील प्रतीवरून बनविलेलें मत बाजूस ठेवून मूळ काच किंवा फिल्म मागवावी लागते.