साथ, सराव आणि पियानो

संगीताची निवड हा प्रश्न आपल्याकडे बहुधा मैफलीच्या संदर्भात विचारला जातो. कोणता राग कोणत्या प्रहरी गावा, मध्यंतरानंतर काय गावे, भैरवीनंतर आणखी काही गाणे शोभते की नाही, यांवर आपण हिरिरीने वाद घालू शकतो. रियाजाच्या वेळी कोणते संगीत असावे, हा प्रश्न मात्र आपल्याला पडत नाही. कारण गवयाचा रियाज हेच मुळी संगीत असते. नर्तकाची गोष्ट वेगळी. त्याला आपल्या कष्टासाठी दुसऱ्याचे संगीत उसने घ्यावे लागते, आणि उसन्या गोष्टीची निवड जपूनच करावी लागते.

माझ्यापुढे हा प्रश्न आला तो अगदी घरगुती रूपात. नाशिकला द्वारकेच्या चौकाजवळ आमचे घर आहे. मुंबई-आग्रा रस्ता येथून जातो, पुण्याचा रस्ता येथेच फुटतो आणि या साऱ्यावरून उड्डाणपूल गेलेला आहे. तेव्हा शांतता कशाला म्हणतात हे आम्हाला ऐकीवच ठाऊक. अशा घरात माझी अकरा वर्षांची नात बॅलेचा सराव करते. महिन्यातून दोनदा आई तिला मुंबईला शिकायला नेते. उरलेले दिवस दिवाणखान्यातल्या जड खुर्चीची पाठ हाच तिचा आधाराचा दांडा. घरात पाश्चात्त्य संगीत ऐकणारा मी एकटाच असल्यामुळे सूनबाईने एके दिवशी सांगितले, "बाबा, हिच्यासाठी काहीतरी शांत, मंजुळ पियानो शोधून द्या."

मी शोधला. 'शांत पियानो' या नावाखाली तासन्‌तास चालणारे ध्वनिमुद्रित संगीत आता मुबलक मिळते. सूर मंद, घुमारा लांबवलेला, एक स्वर विरण्यापूर्वी दुसरा त्यात मिसळलेला. घरातल्या सर्वांना ते आवडले. बाहेरच्या ट्रकांचे कर्णेसुद्धा थोडा वेळ जाणवेनासे झाले. नात खुर्ची धरून गुडघे वाकवू लागली आणि दोन मिनिटांत थांबली. म्हणाली, "आजोबा, छान आहे हे. पण हे थांबतच नाही. मग मी कुठे थांबू?"

टीकाकाराचे काम तिने एका वाक्यात केले होते. संगीत गोड आहे हे मान्य करून ते कामाचे का नाही हेही तिने सांगितले होते. पुढे मी जे काही लिहीत आहे तो या वाक्याचा विस्तार आहे.

बॅले हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. ॲना पाव्हलोव्हा १९२२-२३ च्या दौऱ्यात मुंबईत नाचून गेली. मादाम मेनकांनी कथकातून नृत्यनाट्ये उभी केली आणि खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. पार्वतीकुमार, सचिन शंकर यांच्या प्रयोगांना आपण बॅलेच म्हणत आलो. पण तेथे या शब्दाचा अर्थ नृत्यनाट्य एवढाच होता. युरोपातील शिस्तीचा बॅले मुंबईत रीतसर शिकवला जाऊ लागला तो पुढे. तुष्ना डल्लास यांची शाळा १९६६ सालची. मनीष चौहान आणि अमीरुद्दीन शाह या मुंबईच्या दोन मुलांच्या आयुष्यावरून २०२० साली सूनी तारापोरवाला यांनी 'ये बॅले' हा चित्रपट काढला, आणि चाळीतल्या मुलालाही हा नाच साधतो हे घरोघर कळले. तेव्हा नाशिकच्या दिवाणखान्यात एखादी मुलगी खुर्ची धरून उभी राहिली, तर त्यात नवल करण्यासारखे काही उरलेले नाही. नवल आहे ते इतकेच की तिच्याजवळ सारे काही आहे, साथीदार तेवढा नाही.

साथीदाराचे महत्त्व कळायला आपल्याला दूर जायला नको. कथकाच्या रियाजात पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा धरलेला असतो. सोळा मात्रांची एकच ओळ पुन:पुन्हा फिरत राहते आणि त्या फिरत्या ओळीवर नर्तक तोडे, तुकडे, तिहाया मांडून समेवर येतो. लेहरा धरणाऱ्याने आपली कला दाखवायची नसते. ओळ सुंदर असावी, पण ती अशी की शंभराव्या वेळीही खटकू नये आणि पहिल्या वेळीही लक्ष ओढून घेऊ नये.

बॅलेच्या सरावाचे याच्या नेमके उलट आहे, आणि हा फरक लक्षात घेतल्यावाचून संगीताची निवड करता येणार नाही. कथकात संगीत तेच राहते आणि नर्तक बदलत जातो. बॅलेच्या सरावात हालचाल तीच राहते आणि संगीताला बदलावे लागते. दांड्यापाशी उभे राहून गुडघे बाहेरच्या बाजूला वळवीत हळूहळू वाकायचे आणि तितक्याच हळू उठायचे, याला प्लिये म्हणतात. मग पाऊल जमिनीवरून घासत लांबवायचे. मग पायाने जमिनीवर अर्धवर्तुळ काढायचे. मग पाय उचलायचा, फेकायचा. प्रत्येक गोष्ट आठ-आठ मोजण्यांच्या हिशेबात, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. आज केले तेच उद्या, आणि वीस वर्षांनी रंगभूमी गाजवल्यावरही सकाळी पुन्हा तेच. या पुनरावृत्तीत जीव राहावा म्हणून वरची चाल बदलती हवी. शरीराचा हिशेब चुकू नये म्हणून खालची लय अढळ हवी. आणि वाक्य कुठे संपले हे कानाला निःसंशय कळावे, म्हणजे गुडघ्यालाही ते कळेल. नातीला हवा असलेला थांबा तो हाच.

या दुहेरी गरजेमुळेच बहुधा पियानो या वर्गात येऊन बसला असावा. पूर्वी नृत्यशिक्षक व्हायोलिनवर चाली वाजवीत. खिशात मावेल इतके छोटे व्हायोलिनही त्यांच्यापाशी असे. दगाने १८७२ साली रंगवलेल्या पॅरिसच्या ऑपेरातील नृत्यवर्गाच्या चित्रात व्हायोलिनवालाच आहे. व्हायोलिनचा स्वर अखंड असतो आणि वाकत्या गुडघ्याला तो अधिक जवळचा. पियानोचा स्वर उमटल्या क्षणापासून विरू लागतो. तरीही पियानो जिंकला, कारण त्याच्या डाव्या हातात ठेका आहे आणि उजव्या हातात चाल. तबला आणि पेटी एकाच माणसाने वाजवावी तशी ही सोय आहे. शिवाय विरत्या स्वराचाही एक गुण आहे. एक स्वर विरून दुसरा येईपर्यंतची पोकळी नर्तकाला आपल्या शरीराने भरावी लागते. संगीत ठिपके देते, रेघ तिने ओढायची.

आता 'सौम्य' म्हणून ज्या प्रसिद्ध रचनांकडे आपण सहज वळतो त्या या निकषावर पाहू. शूमानच्या १८३८ सालच्या बालदृश्यांतील सातवी रचना, 'ट्रॉयमेराय', म्हणजे स्वप्नरंजन. हिच्याइतके कोवळे संगीत क्वचितच सापडेल. परंतु तिची चाल मात्रेच्या आधीच उचलते, मात्रा ओलांडून रेंगाळते, आणि पहिली मात्रा नेमकी कुठे पडली हे लपवून ठेवते. तिचे सारे सौंदर्य या लपवण्यातच आहे. ऐकणाऱ्याला ते सुख आहे. एका पायावर उभ्या राहिलेल्या मुलीला तो धोका आहे. दबुसीच्या 'क्लेर द ल्यून'ची गतही तीच. नऊ-आठच्या मापात आरंभीची लय चांदण्यासारखी पसरलेली असते, आणि पुढे तर लय सैल सोडावी अशी खुद्द रचनाकाराचीच सूचना आहे. हे संगीत सरावाला नाकारणे म्हणजे त्याला कमी लेखणे नव्हे. उलट त्याला गुडघ्यांच्या कवायतीला जुंपणे हाच त्याचा अपमान ठरेल.

बाखचा सी मेजरमधील प्रिल्यूड, १७२२ सालच्या संग्रहातला पहिला, याच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्यातली लय घड्याळासारखी एकसारखी, म्हणून तो सरावाला उत्तम असे मला प्रथम वाटले होते. पण त्याचे खंड आहेत पस्तीस. आठाच्या हिशेबात ते बसत नाहीत, आणि त्यात चाल अशी नाहीच, नुसता झुळझुळता प्रवाह आहे. वाक्ये नसलेल्या संगीतावर वाक्ये असलेला व्यायाम करता येत नाही. सराव संपल्यावर जमिनीवर बसून अंग ताणायला मात्र त्याच्यासारखा सोबती नाही. तेथे कोणी मोजीत नसते.

सातीच्या १८८८ च्या तीन 'जिम्नोपेदी' यांच्या मध्ये कुठेतरी बसतात. डावा हात आधी एकटाच चार खंड वाजतो, जणू 'तयार हो' म्हणतो, आणि मग चाल येते. फ्रेडरिक ॲश्टनने १९६५ साली या संगीतावर तिघांचे नृत्य बसवले, तेव्हा संथ लयीत तोल किती उघडा पडतो हे सर्वांना दिसले. नेमक्या त्याच कारणासाठी नवशिक्या मुलीला ते रोज लावू नये. फार संथ संगीत सौम्य वाटते, पण शरीरावर ते फार कठोर असते. वाकून थांबणे हे वाकून उठण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

मग उरते काय? पुष्कळ उरते, आणि बहुतेक अशा रचनांत उरते ज्यांना मैफलीत फारसा मान नाही. शूबर्टने मित्रमंडळींच्या नाचासाठी लिहिलेली छोटी वॉल्ट्झ आणि लेंडलर शेकडोंनी आहेत. त्यांतली कितीतरी आठ खंडांचा एक भाग, आठांचा दुसरा, दोन्ही पुन्हा एकदा, अशा घाटाची. घाट चौकोनी, पण आत एखादा उदास स्वर असा येतो की तीच हालचाल सातव्यांदा करतानाही कंटाळा येऊ नये. 'स्वान लेक' रंगभूमीवर आले १८७७ साली. त्याच्या पुढच्याच वर्षी चायकॉव्हस्कीने मुलांसाठी चोवीस छोट्या रचनांचा संग्रह लिहिला. त्यातले वॉल्ट्झ, पोल्का, मझुर्का मुलांच्या पायांना समजतात. आणि शोपँचा सातवा प्रिल्यूड: तीन-तीन मात्रांचे अवघे सोळा खंड, मिनिटाच्या आत संपणारे. फोकीनच्या १९०९ सालच्या 'ले सिल्फीद'मध्ये तो वाद्यवृंदावर वाजतो. हातांची संथ हालचाल करायला तो एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे लावावा. यापेक्षा सौम्य आणि यापेक्षा स्पष्ट असे काही मला माहीत नाही.

पण रचना निवडून काम संपत नाही. ती कोणी आणि कशासाठी वाजवली आहे हेही पाहावे लागते. मोठे वादक शोपँ वाजवताना लय मागेपुढे करतात, आणि ते रास्तच आहे. उजवा हात स्वैर असला तरी डाव्याने काळ धरून ठेवावा, असे शोपँ शिकवीत असल्याचे त्याच्या शिष्यांनी नोंदले आहे. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात मात्र पुष्कळदा दोन्ही हात बरोबरच थबकतात. वर्गातला पियानिस्ट मुलांच्या गुडघ्यांकडे पाहून थबकतो. ध्वनिमुद्रणातला आपल्याच भावनेकडे पाहून थबकतो, आणि द्वारकेच्या दिवाणखान्यातली मुलगी अधांतरी राहते. म्हणून वर्गातल्या साथीदारांनी सरावासाठीच वाजवलेल्या ध्वनिमुद्रिका मूळ आधार म्हणून घ्याव्यात. त्यांत आरंभीची सूचना असते, आठांचा हिशेब असतो. त्यांचा दोष एवढाच की हिशेबापलीकडे त्यांत कधीकधी काहीच नसते. दोन दिवस त्या आणि एक दिवस शूबर्ट, असे मी आमच्या घरी ठरवले आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. थोर रचना व्यायामाला वापराव्यात का? इझाडोरा डंकन शोपँच्या संगीतावर नाचू लागली तेव्हाही मैफलीचे संगीत नाचाला जुंपल्याची तक्रार झाली होती. १९६९ साली जेरोम रॉबिन्सने एका पियानोवरच्या शोपँच्या रचनांवर तासाभराचे नृत्य उभे केले, तोवर ती तक्रार विरून गेली होती. माझे उत्तर असे की संगीताचा अपमान वापरण्याने होत नाही, न ऐकता वापरण्याने होतो. खोलीत सुवास दरवळावा तसा पियानो दरवळत ठेवणे, रहदारीचा आवाज झाकायला तो उशीसारखा दाबून धरणे, हा खरा अनादर आहे. शूबर्टची आठ खंडांची ओळ कुठे वळते हे ज्या मुलीच्या गुडघ्याला ठाऊक आहे, तिने शूबर्ट आपल्यापैकी पुष्कळांपेक्षा अधिक नीट ऐकलेला असतो.

आणि तसे ऐकले गेले नाही तर काय होते, हेही मी पाहिले आहे. त्या पहिल्या गोड संगीतावर नातीने हट्टाने आठवडाभर सराव केला. दिसायला सारे मोहक दिसे. पुढच्या खेपेस मुंबईच्या बाईंनी तिचे गुडघे आत ढळत असल्याचे दाखवून दिले. लय धरणारे कोणी नव्हते, म्हणून वाकण्याला तळ नव्हता. आणि सूर इतका मवाळ होता की चूक तिला स्वतःला जाणवली नव्हती. मवाळ संगीताने चुकीला मऊ अंथरूण घालून दिले होते.

आता ती सराव सुरू करण्यापूर्वी खुर्चीवर बसून ती रचना एकदा नुसती ऐकते, बोटांवर आठ मोजते, आणि मग उठते. शेवटचा प्रकार ती संगीत बंद करून करते. खाली पुण्याच्या रस्त्याला वळणाऱ्या गाड्या वाजत असतात, पण तिचे वाकणे आणि उठणे नेमक्या जागी पडते, आणि आठाला ती थांबते. त्या वेळी ती काय ऐकत असते हे मी विचारलेले नाही. विचारण्याची गरज मला वाटत नाही.