छेद घेतल्यावर काय दिसते?
कल्पनेतल्या वास्तू आणि यंत्राने काढलेली घरे

२०२२च्या जुलैमध्ये ‘मिडजर्नी’ हे शब्दांवरून चित्र तयार करणारे यंत्र सर्वांना खुले झाले आणि ऑगस्टमध्ये ‘स्टेबल डिफ्यूजन’ आले. तेव्हापासून न बांधलेल्या इमारतींच्या चित्रांचा पूर आला आहे. ढगांत तरंगणारी ग्रंथालये, प्रवाळासारखे वाढलेले दिवाणखाने, धबधब्यामागची शयनगृहे. या चित्रांविषयी दोन मते ऐकू येतात. कल्पनाशक्तीला पंख फुटले, हे एक. आणि हे बांधता येणार नाही, म्हणून निरर्थक आहे, हे दुसरे. दोन्ही मते घाईची आहेत. ‘बांधता येणार नाही’ हा आक्षेप खरा मानला, तर वास्तुकलेच्या इतिहासातील काही अत्यंत महत्त्वाची पाने फाडून टाकावी लागतील. आणि पंख फुटल्याचे कौतुक करायचे, तर उड्डाण कशावरून झाले हेही विचारावे लागेल.

बांधता येण्या-न येण्याची कसोटी बाजूला ठेवून मी या लेखात दुसरी एक कसोटी लावून पाहणार आहे. वास्तुरचनाकार इमारतीची जी चित्रे काढतो, त्यांत छेदचित्र नावाचा एक प्रकार असतो. व्यवसायात त्याला सरळ ‘सेक्शन’ म्हणतात. कलिंगड उभे चिरावे तशी इमारत चिरली, तर आत काय दिसेल, ते हे चित्र सांगते. भिंत किती जाड, जिना कुठून निघून कुठे पोहोचतो, उजेड कुठपर्यंत येतो, पाया कशावर टेकला आहे. बाहेरून दिसणारे देखणे चित्र बरेच काही झाकू शकते. छेदचित्राला ती सोय नसते. कल्पनेतली वास्तू चिरून पाहिली तर आत काय सापडते, हा तिला विचारण्याजोगा प्रश्न आहे.

*

एत्येन-लुई बुले या फ्रेंच वास्तुरचनाकाराने १७८४ साली न्यूटनच्या स्मारकाची कल्पना मांडली. सुमारे १५० मीटर व्यासाचा एक पोकळ गोल, त्याला वेढणारी झाडांची वर्तुळाकार रांग, आणि आत जवळजवळ काहीही नाही. तळाशी फक्त एक शवपेटी. त्या काळच्या दगड-विटांच्या तंत्रात हे उभे राहणे शक्य नव्हते आणि ते उभे राहिलेही नाही. पण या स्मारकाची जी चित्रे आज सर्वाधिक ओळखली जातात, ती छेदचित्रे आहेत. बुलेने गोल स्वतःच चिरून दाखवला आहे, कारण त्याची कल्पनाच आत दडलेली आहे. गोलाच्या कवचाला त्याने बारीक भोके ठेवली. बाहेर दिवस असेल तेव्हा त्यांतून येणारा उजेड आत ताऱ्यांसारखा दिसेल. बाहेर रात्र झाली की मध्यभागी टांगलेला दिवा आत दिवस करील. ज्याने विश्वाचे गणित मांडले, त्याला त्याच विश्वात ठेवायचे, हे विधान त्या भोकांच्या आकारात, कवचाच्या जाडीत आणि दिव्याच्या जागेत आहे. इमारत झाली नाही म्हणून ते विधान खोटे ठरत नाही. बुलेचा ग्रंथ तो गेल्यावर दीडशेहून अधिक वर्षांनी, १९५३ साली छापून आला. तोपर्यंत ही चित्रे जपून राहिली आणि पुढच्या पिढ्यांनी त्यांतून वास्तुकला शिकली.

त्याच्याही आधी रोममध्ये पिरानेसीने कल्पित तुरुंगांची चित्रमालिका तांब्याच्या पत्र्यावर कोरली. १७५०च्या सुमारास तिच्यात चौदा चित्रे होती. १७६१च्या आवृत्तीत त्याने जुने पत्रे पुन्हा हाती घेऊन ती जास्त काळोखी केली आणि एकूण सोळा चित्रे दिली. वर जिने, त्यांवर पूल, पुलांवर आणखी जिने, साखळदंड, कप्प्या आणि तळाशी मुंगीएवढी माणसे. ही वास्तू चिरायला गेले तर सुरी अडते. काही ठिकाणी तळाशी मागे असलेला खांब वरच्या कमानीपाशी पुढे आलेला असतो. म्हणजे येथे आपली कसोटी नापास होते का? तसे नाही. पिरानेसी व्हेनिसमध्ये स्थापत्य आणि नाटकाचा रंगपट दोन्ही शिकलेला होता. रोमच्या अवशेषांची मोजमापे घेण्यात त्याने आयुष्य घालवले आणि अव्हेंटाइन टेकडीवर एक चर्चही नव्याने उभारले. खांब कुठे टेकतो हे त्याला पक्के ठाऊक होते. म्हणून त्याने खांब चुकवला, तेव्हा ती चूक बोलते. ज्या तुरुंगाचा नकाशा काढता येत नाही, त्यातून सुटण्याची वाटही काढता येत नाही. तेथे बाहेर नावाची जागाच नाही. छेद घेऊ न देणे हाच त्या चित्रांचा आशय आहे.

तिसरे उदाहरण आपल्या काळाला जवळचे. १९५५ साली सोव्हिएत सरकारने बांधकामातील ‘अतिरेक’ थांबवण्याचा आदेश काढला आणि कारखान्यात ओतलेल्या साचेबंद भिंतींच्या इमारती देशभर उभ्या राहू लागल्या. वास्तुरचनाकाराला सुचण्यासारखे काही उरलेच नाही. अशा स्थितीत ऐंशीच्या दशकात मॉस्कोतील काही तरुण जपानी नियतकालिकांच्या स्पर्धांना चित्रे पाठवू लागले. ‘कागदी वास्तुरचनाकार’ हे नाव त्यांना चिकटले. त्यांतील अलेक्झांडर ब्रोडस्की आणि इल्या उत्किन या जोडीचे एक चित्र पाहा. पाडायला निघालेली जुनी घरे एका प्रचंड काँक्रीटच्या कपाटात, अस्थिकलश ठेवावेत तशी कोनाड्या-कोनाड्यांत ठेवली आहेत. अट एकच: घरवाले जोवर आत राहतील, तोवर घर जगेल, ते निघून गेले की घर पाडले जाईल आणि जागा दुसऱ्याला मिळेल. हे कपाट चिरून पाहिले तर प्रत्येक कोनाड्यात एक कुटुंब सापडते. पुनर्विकासाच्या फलकांखालून रोज ये-जा करणाऱ्या मुंबई-पुण्याच्या वाचकाला या चित्रावर टीप लागणार नाही.

या तिन्ही कल्पना आकाराने, काळाने आणि वृत्तीने वेगळ्या आहेत. पण प्रत्येक ठिकाणी चित्रकाराला आतले ठाऊक आहे. त्याने काहीतरी नाकारले आहे आणि काय नाकारले ते आपल्याला चित्रातच वाचता येते.

*

आता यंत्राच्या चित्राकडे येऊ. या यंत्रांना शिकवण्यासाठी चित्र आणि त्याचे वर्णन अशा जोड्या वापरतात. ‘स्टेबल डिफ्यूजन’ ज्या ‘लायन-५बी’ नावाच्या साठ्यातल्या जोड्यांवर शिकले, त्यात अशा सुमारे ५८५ कोटी जोड्या आहेत. यंत्र ठिपक्यांच्या निव्वळ गोंधळापासून सुरुवात करते आणि आपण दिलेल्या शब्दांशी जुळेल अशा रीतीने तो गोंधळ टप्प्याटप्प्याने कमी करत नेते. या प्रक्रियेत भिंत उभारली जात नाही. भिंतीच्या फोटोत ठिपके कसे असतात, तेवढे साधले जाते. त्यामुळे त्या चित्राला मागची बाजू नसते. जिना वळणाआड जातो तेव्हा तो कुठेच जात नाही. पिरानेसीचा जिनाही कुठे पोहोचत नाही, पण तो पोहोचू नये हे पिरानेसीने ठरवले होते.

एक ठोस उदाहरण घेऊ. दिल्लीचे वास्तुरचनाकार मानस भाटिया यांची २०२२ मधील मिडजर्नीवर केलेली चित्रमालिका जगभर गाजली. कॅलिफोर्नियातील ११५ मीटरहून उंच अशा ‘हायपेरियन’ या रेडवुड वृक्षावरून सुचलेल्या या चित्रांत अवाढव्य बुंध्यांमध्ये घरे आहेत, सालीतून खिडक्यांच्या रांगा उजळलेल्या आहेत. वाढणाऱ्या, श्वास घेणाऱ्या, जिवंत वास्तूंची ही कल्पना आहे. चित्रे देखणी आहेत आणि काँक्रीटला कंटाळलेल्या माणसाची ओढ त्यांत खरी आहे. म्हणूनच त्यांना गंभीरपणे घेऊन चिरून पाहायला हवे.

झाडाचा बुंधा आडवा चिरला तर काय दिसते? मधला गाभा मृत लाकडाचा असतो. झाड जगते ते सालीखालच्या पातळ थरावर आणि त्याला लागून असलेल्या, पाणी वर नेणाऱ्या बाहेरच्या लाकडावर. म्हणूनच आतून पोकळ झालेली जुनी झाडे हिरवीगार उभी असतात, आणि सालीला सगळीकडून इजा झालेले झाड वाळते. म्हणजे गाभ्यात खोली करणे ही कल्पना वाटते तितकी अशक्य नाही. अडचण खिडक्यांची आहे. चित्राला ज्यांनी शोभा येते त्या खिडक्यांच्या रांगा नेमक्या जिवंत थराला भोके पाडतात. हा छेद कोणी हाताने काढायला बसला असता, तर पहिल्याच तासात हे त्याच्या ध्यानात आले असते आणि कदाचित तेथूनच खरी कल्पना सुचली असती: उजेड वरून घेणारे, बाहेरून अजिबात न दिसणारे, झाडाला झाड राहू देणारे घर. ते चित्र इतके गाजले नसते. पण ‘जिवंत वास्तू’ या शब्दांना त्यात अर्थ आला असता.

छेद हे कल्पनेला वेसण घालणारे व्यवहारी साधन आहे असा समज असतो. या उदाहरणात उलट दिसते. पहिली कल्पना अडली की दुसरी सुचते, आणि अडवण्याचे काम छेद करतो. यंत्राच्या चित्रात काहीच अडत नाही. म्हणून एकाच कल्पनेची शंभर रूपे मिळतात, दुसरी कल्पना मिळत नाही.

*

घराच्या अंतर्भागाबाबत ही उणीव आणखी जवळून जाणवते. मराठी वाड्याचे उदाहरण घ्या. वाडा ही छेदातच समजणारी वास्तू आहे. रस्त्यावरून दिसते ती भिंत आणि दिंडीचा दरवाजा. खरे घर चौकाभोवती असते: ओसरी, सोपा, मग काळोखे माजघर, त्यापलीकडे स्वयंपाकघर. उजेड चौकातून येतो आणि एकेक पायरीने कमी होत जातो. कोणी कुठपर्यंत यायचे, हे त्या उतरत्या उजेडाने ठरत असे. त्यात घरातल्या बायकांच्या आयुष्याचा बराच भाग माजघराच्या काळोखात गेला, हाही त्याच छेदाचा भाग आहे. पण फोटो निघतात ते कोरीव खांबांचे आणि चौकातल्या तुळशीवृंदावनाचे. माजघराचा फोटो कोण काढतो? ज्याचा फोटो निघत नाही, ते फोटोंवर शिकलेल्या यंत्रापर्यंत पोहोचण्याची वाटच नाही. ‘वाड्यासारखे घर’ मागणाऱ्याच्या हाती मग खांब येतात, सावल्या येत नाहीत. आणि त्या सावल्यांत कोण बसत होते, हा प्रश्नही येत नाही.

तरी या यंत्राच्या बाजूने एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. नकाशा ही तज्ज्ञांची लिपी आहे. बहुतेक घरमालकांना ती वाचता येत नाही आणि वाचता येत नाही हे सांगण्याचा संकोच वाटतो. आयुष्याची पुंजी लावून घर घेणारे जोडपे आजवर वास्तुरचनाकारापुढे मान डोलवत आले. आज ते फोनवर चित्र दाखवून ‘आम्हाला असे हवे’ म्हणू शकतात. हा बदल लहान नाही. पण त्या चित्रात ओट्याखालचा सिलिंडर नसतो, चपलांचा ढीग नसतो, पावसाळ्यात घरात वाळत घातलेले कपडे नसतात. ते चित्र मागणी म्हणून उत्तम आहे, उत्तर म्हणून अपुरे. त्या मागणीचे भाषांतर छेदात करणे हे वास्तुरचनाकाराचे काम तसेच शिल्लक राहते. उलट ते वाढले आहे.

*

छेदचित्रात एक रेघ सर्वांत ठळक असते: जमिनीची. इमारत कशावर उभी आहे, हे सांगितल्याशिवाय छेद पुरा होत नाही. यंत्राने काढलेल्या वास्तू बहुधा धुक्यात, वाळवंटात किंवा निर्मनुष्य पाण्याकाठी उभ्या असतात. हा निव्वळ सौंदर्याचा प्रश्न नाही, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. नवी मुंबईचा जन्मही कागदावरच झाला. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६४ मध्ये खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली आणि १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकाने तिला अंकात जागा दिली. एका नियतकालिकाच्या पानांवरून शहर उभे राहिल्याची अशी उदाहरणे जगात थोडी असतील. हेतू उदार होता: बेटावरचा भार हलका करायचा, सामान्यांना परवडणारी घरे द्यायची. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. पण खाडीपलीकडे कोरा कागद नव्हता. तेथे आगरी-कोळ्यांची गावे होती, भातखाचरे होती, मिठागरे होती. पंचाण्णव गावांची जमीन या कल्पनेखाली आली. १९८४च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जणांचा बळी गेला. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना त्यानंतर आली. कल्पनेतली वास्तू निरुपद्रवी असते असे मानणाऱ्याने हा इतिहास आठवावा. चित्र मोहक असले की पायाखालच्या जमिनीविषयी विचारणे जास्तच गरजेचे होते.

याच दशकात इंदूरजवळ बाळकृष्ण दोशी ‘अरण्य’ ही वसाहत आखत होते. पुण्यात जन्मलेल्या दोशींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी इंदूरच्या झोपडवस्त्यांत लोक घराचा ओटा, गल्ली, झाडाची सावली कशी वापरतात ते पाहिले. मग सुमारे साडेसहा हजार भूखंडांची वसाहत आखली. सर्वांत गरीब कुटुंबांना जोते, पाणी-संडासाची सोय आणि फार तर एक खोली मिळणार होती. बाकीचे घर त्यांनी आपल्या कुवतीने वाढवायचे. या वसाहतीची दोशींच्या कार्यालयात निघालेली चित्रे लघुचित्रांच्या धाटणीची आहेत. त्यांत घरांचे दर्शनी भाग, गच्च्या आणि गल्ल्या एकाच वेळी दिसतात आणि जिन्यांवर, ओट्यांवर माणसेच माणसे असतात. ही चित्रेही कल्पनेतलीच होती, कारण ती काढली तेव्हा तेथे कोणी राहत नव्हते. पण राहणाऱ्याने पुढे काय जोडावे यासाठी त्यांत जागा सोडलेली होती.

यंत्राच्या चित्रात ही जागा नसते. ते पहिल्याच क्षणी पूर्ण झालेले असते, पडद्याच्या चुणीपर्यंत आणि फुलदाणीतल्या फुलापर्यंत. म्हणून त्याच्याकडे पाहणाऱ्याला कौतुक करण्याखेरीज काही काम उरत नाही. ते काम पुन्हा निर्माण करणे विद्यार्थ्याच्या, घरमालकाच्या आणि समीक्षकाच्या हातात आहे. असे चित्र समोर आले की पेन्सिल घेऊन त्यावर एक उभी रेघ ओढावी आणि त्या रेघेवर आत काय असेल ते काढायला बसावे. भिंत किती जाड, पाणी कुठून येणार, धुणे कुठे वाळणार, जमीन कोणाची. काही चित्रे त्या रेघेपाशीच संपतील. जी संपणार नाहीत, त्यांच्यापासून वास्तुकलेला सुरुवात करता येईल, मग ती कोणी का काढलेली असेनात.